भन्तेंना जात विचारणारे बौद्ध



आपल्या विहारात नवे भन्ते येतात. त्रिसरण-पंचशील होते, धम्मदेसना होते, भोजनदान होते. भन्ते हात धुण्यास उठतात न उठतात तोच ओसरीवरच्या मंडळींत हलक्या आवाजात विचारणा सुरू होते, “भन्तेंचे पूर्वाश्रमीचे नाव काय हो?” कोणीतरी नाव सांगतो. “अन् आडनाव?” तेही कळते. आडनाव कळले म्हणजे पुढचे काही विचारावे लागत नाही. कोणी समाधानाने मान डोलावतो, कारण भन्ते ‘आपल्यातले’ निघाले. कोणी नुसते “असं होय!” म्हणतो आणि दुसरा विषय काढतो. त्या ‘असं होय’मध्ये काय दडलेले असते हे आपणांस सांगावयास नको. आपल्या आजा-पणजांनी ते गावच्या वेशीवर जन्मभर ऐकले आहे.

एका विहारात या कुजबुजीनंतर काय घडले ते मी स्वतः पाहिले आहे. भन्ते मातंग घरातून आलेले होते. पहिल्या आठवड्यात त्यांना भोजनदान देण्यासाठी घरांची रांग लागली होती. आडनाव फुटल्यावर ती रांग आखडू लागली. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची प्रकृती बिघडली. विटाळ हा शब्द कोणी उच्चारला नाही. आपण सुशिक्षित झालो आहोत. भन्ते वर्षावास पुरा करून निघून गेले. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण आपापल्या गावाकडे पाहून प्रत्येकाने ते भरून घ्यावे हे बरे.

प्रथम त्या शब्दाचाच समाचार घेऊ. ‘पूर्वाश्रम’ हा शब्द आपला नाही. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास या चार आश्रमांची जी वैदिक व्यवस्था, तिच्यातला तो आहे. आणि ती व्यवस्था ‘वर्णाश्रम’ या जोडनावानेच ओळखली जाते. वर्णावाचून आश्रम नाही. संन्यासाचा अधिकार धर्मशास्त्रकारांनी शूद्राला नाकारला. अतिशूद्राची गोष्ट तर काढावयासच नको. ज्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांना या पायऱ्यांवर पाऊलही ठेवू दिले नाही, तिचाच शब्द उचलून आपण भिक्खूची चौकशी करतो! भिक्खू एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात चढलेला नसतो. तो घर सोडून निघालेला असतो. पालीत त्याला पब्बज्जा म्हणतात.

आता भिक्खूला नाव कसे मिळते ते पाहा. पुष्कळ घरांतून मुले श्रामणेर शिबिरास जातात आणि दहा दिवसांनी नवे नाव सांगत परत येतात. पण ते नाव कोठून आले हे ना त्यांना कोणी सांगितलेले असते, ना आईबापांना. मुंडन झालेला उमेदवार काषाय चीवर धारण करून उपज्झायासमोर उकिडवा बसतो, हात जोडून तीन वेळा बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जातो, दहा शीले घेतो आणि श्रामणेर होतो. याच वेळी उपज्झाय, म्हणजे ज्यांच्या जबाबदारीवर तो संघात येतो ते थोर भिक्खू, त्याला पाली नाव देतात. नाव घेणाऱ्याने आपल्या हौसेने निवडायचे नसते. ते दिले जाते, आणि देणारा त्या नावाबरोबर त्याच्या शिक्षणाचा भारही उचलतो.

पुढे देशोदेशीच्या रीती वेगळ्या आहेत. श्रीलंकेत भिक्खूच्या पाली नावाआधी त्याच्या जन्मगावाचे नाव लावतात. हिक्कडुवे सुमंगल, वाल्पोल राहुल ही नावे आपण वाचलेली असतील. त्यांतील पहिला शब्द गावाचा आहे. घराण्याचे नाव गळते, गाव राहते. ब्रह्मदेशात जन्माच्या वारावरून नावाचे पहिले अक्षर ठरविण्याची चाल आहे: सोमवारी जन्मलेल्याला क-वर्गातले, शनिवारी जन्मलेल्याला त-वर्गातले. ही चाल वाचून आपणांस आपल्याकडील पंचांग आणि नावरस नाव आठवले असेल. आठवलेच पाहिजे. ब्रह्मी भिक्खूंच्या विद्वत्तेविषयी आणि शीलाविषयी मला आदर आहे. तथापि वाराचे अक्षर हे धम्माचे अक्षर नव्हे, आणि ज्यांनी नुकताच भटजीच्या पंचांगाला रामराम ठोकला त्यांनी ते दुसऱ्या दाराने आत घेण्याचे कारण नाही.

श्रामणेराला वीस वर्षे पूर्ण झाल्यावर उपसंपदा मिळते, आणि माझ्या मते आपल्या प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा विधी हाच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात तो दिला आहे. संघ सीमेत बसतो. उमेदवाराला बाजूला नेऊन प्रश्न विचारतात आणि मग तेच प्रश्न संघासमोर पुन्हा विचारतात. तुला कुष्ठ आहे काय? गंड आहे काय? त्वचारोग, क्षय, अपस्मार आहे काय? तू मनुष्य आहेस ना? पुरुष आहेस ना? स्वतंत्र आहेस ना, की कोणाचा दास आहेस? कर्जमुक्त आहेस ना? राजाचा सैनिक तर नाहीस? आईबापांची अनुमती आहे ना? वीस वर्षे पुरी झाली ना? पात्र आणि चीवर आहे ना? तुझे नाव काय? तुझ्या उपज्झायाचे नाव काय?

हे प्रश्न पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि त्यांत जात कोठे आहे ते मला दाखवा. अडीच हजार वर्षांपूर्वी, ज्या देशात विहिरीवर पाणी पिण्यापूर्वी माणसाला कूळ सांगावे लागे, त्या देशात इतकी काटेकोर प्रश्नावली तयार झाली. तीत रोग आहे, कर्ज आहे, वय आहे, पात्र-चीवरदेखील आहे, आणि जात नाही. दास आणि कर्जदार यांना मालकाच्या व सावकाराच्या पाशात असेतो प्रवेश नव्हता, हे मी लपवून ठेवणार नाही. त्या काळच्या राज्यव्यवस्थेपुढे संघाला पडते घ्यावे लागले. परंतु दास्यातून सुटता येते, कर्ज फेडता येते. जन्म फेडता येत नाही, आणि म्हणून जन्माविषयी संघाने विचारलेच नाही. जो प्रश्न उपसंपदेच्या वेळी संघालाही विचारावासा वाटला नाही, तो आपण ओसरीवर बसून विचारणारे कोण?

या विधीत एक मौज आहे. संघापुढे जी ज्ञप्ति वाचली जाते तिच्या ठरीव पाठात उमेदवाराच्या जागी ‘नाग’ आणि उपज्झायाच्या जागी ‘तिस्स’ ही नावे घातलेली असतात. सयामात तर उमेदवाराला नागच म्हणतात. मनुष्यरूप घेऊन संघात शिरलेल्या एका नागाची कथा विनयात आहे, तिच्याशी ही चाल जोडली जाते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोलताना बाबासाहेबांनी नाग लोकांचे स्मरण केले होते. हा केवळ योगायोग म्हणा. पण संघाच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला, मग तो राजपुत्र का असेना, काही क्षण नाग या एकाच नावाने उभे राहावे लागते, हे मला फार आवडते.

आता आपणांस कदाचित नवल वाटेल अशी गोष्ट सांगतो. भगवान बुद्धाच्या हयातीत भिक्खूंची नावे बहुधा बदलली जात नसत. आनंद हा आनंदच राहिला, राहुल राहुलच राहिला. उपालि हा शाक्यांचा न्हावी. तो भिक्खू झाल्यावरही उपालिच. निर्माल्य झाडून टाकणारा सुनीत भिक्खू होऊन सुनीतच राहिला. नाव तेच राहिले आणि जात गेली. कशी गेली ते उपालीच्या प्रसंगावरून पाहावे.

भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे शाक्य कुलातील तरुण प्रव्रज्येसाठी निघाले. बरोबर उपालि न्हावी होता. हद्द ओलांडल्यावर त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून गाठोडे बांधले आणि ते उपालीला देऊन परत जाण्यास सांगितले. जन्मभर पुरेल एवढे ते धन होते. उपालि थोडा मागे गेला आणि थांबला. शाक्य लोक तापट. राजपुत्रांना मारून दागिने आणले असे म्हणून ते आपला जीव घेतील, ही भीती त्याला वाटली. गाठोडे झाडाला टांगून तो परत आला. तेव्हा त्या तरुणांनी भगवंतांना विनंती केली की, या उपालीला आमच्याआधी प्रव्रज्या द्या. आम्ही शाक्य अभिमानी आहोत. हा आमच्याआधी भिक्खू झाला म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल, त्याच्यासाठी उठून उभे राहावे लागेल, आणि आमचा अभिमान उतरेल. भगवंतांनी तसे केले. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्षणावरून ठरते. एका न्हाव्याला काही घटका आधी दीक्षा मिळाली, आणि राजपुत्रांचे मस्तक त्याच्या पायांशी आले. पुढे हाच उपालि विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि राजगृहाच्या संगीतीत विनय त्याच्याच तोंडून निश्चित झाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात उपालि आणि सुनीत या दोघांच्या दीक्षेची हकीकत मुद्दाम का दिली, हे आता वेगळे सांगण्याचे कारण नाही.

गंगा, यमुना, अचिरवती, सरभू आणि मही या नद्या महासमुद्राला मिळाल्यावर आपली पूर्वीची नावे व गोत्रे टाकतात आणि चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर तसेच करतात, असा दृष्टान्त भगवंतांनी दिला आहे. बाबासाहेबांनीही नागपूरच्या भाषणात संघाला समुद्राची उपमा दिली होती. चीनमध्ये चौथ्या शतकात ताओ-आन नावाच्या थोर भिक्खूने हे शब्दशः अमलात आणले. तोवर चिनी भिक्खू आपल्या गुरूच्या देशावरून आडनावे लावीत. ताओ-आनने ठरविले की सर्वांचे गुरू शाक्यमुनी, तेव्हा सर्वांचे आडनाव ‘शाक्य’ या शब्दावरून एकच असावे. चिनी भिक्खूंचे ‘शि’ आणि व्हिएतनामी भिक्खूंचे ‘थिच’ हे आडनाव त्यातूनच आले. नदीचा तो दृष्टान्त असलेले सूत्र चिनी भाषेत उतरले ते यानंतर, आणि ते वाचून लोकांना ताओ-आनच्या निर्णयाची सत्यता पटली, अशी नोंद आहे. येथे नाव बदलणे सार्थ झाले, कारण नावाबरोबर कुळेही एका सपाटीवर आली.

परंतु सर्वत्र असे झाले नाही, आणि हे आपण स्वतःच्या माणसांकडून ऐकलेले बरे. श्रीलंकेत उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. १७५३ साली कँडीचा राजा कीर्ति श्री राजसिंह याच्या निमंत्रणावरून सयामातून भिक्खू आले आणि त्यांनी ती पुन्हा सुरू केली. त्या भिक्खूंच्या प्रमुखाचे नाव उपालि! त्यांच्यापासून निघालेल्या निकायाला सयाम निकाय, किंवा सयामोपालि निकाय असेही म्हणतात. आणि दहा-बारा वर्षांत त्याच निकायाची उपसंपदा केवळ गोविगम या वरिष्ठ शेतकरी जातीपुरती राखून ठेवण्यात आली. न्हाव्याचे नाव धारण करणारा निकाय, आणि खालच्या जातीला दार बंद! पाली नाव सर्वांचे होते, चीवर सर्वांचे होते. जात चीवराखाली जिवंत राहिली. तो निर्बंध त्या निकायातून आजही पुरता गेलेला नाही. दालचिनी सोलण्याच्या धंद्यातील सालागम जातीच्या अंबगहपिटिये ज्ञानविमल या श्रामणेराने मग ब्रह्मदेशाची वाट धरली, १८०० साली अमरपूर येथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन अमरपूर निकायाचा पाया घातला. त्या निकायाच्याही पुढे जातवार शाखा झाल्या, हे वाचून माझे मन विषण्ण झाले होते.

जपानची कथा याहून भयंकर आहे. तेथे मृताला भिक्खूप्रमाणे दीक्षा देऊन एक बौद्ध नाव देतात. त्याला काइम्यो, म्हणजे शील घेतल्याचे नाव, असे म्हणतात. हे नाव थडग्यावर कोरले जाते. जपानात बुराकु म्हणून एक समाज आहे. कातडी कमावणे आणि जनावरे मारणे हे काम पूर्वी त्याच्याकडे असे आणि त्याला अस्पृश्यच लेखीत. या लोकांच्या मृतांना मंदिरातील पुरोहितांनी जी नावे दिली त्यांत ‘पशू’, ‘कातडे’, ‘सेवक’ अशा अर्थांची अक्षरे घातली, की पुढच्या पिढ्यांनी थडगे वाचताच जात ओळखावी. बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे जपानात पोचलेला ‘सेंदारा’ हा शब्द याच लोकांना लावला गेला. सेंदारा म्हणजे आपला ‘चांडाल’. वाचकहो, आपल्या पूर्वजांना दिलेली शिवी समुद्र ओलांडून तेथवर गेली, आणि ती नेणाऱ्यांच्या अंगावर चीवर होते! १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या एका अधिकाऱ्याने जपानात असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकु समाजाच्या संघटनेने त्याला जाब विचारला. मग त्या पंथाला आपल्या मंदिरांच्या नोंदवह्या तपासाव्या लागल्या, अशी नावे आहेत हे मान्य करावे लागले आणि ती बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. मेलेल्या माणसाचा अपमान धुण्यासाठी जिवंतांना लढावे लागले.

कोणी विद्वान येथे अडवून म्हणेल की, गोत्रनामे तर भगवंतांच्या संघातही होती. महाकस्सप, मोग्गल्लान, कच्चान ही काय आहेत? आक्षेप खरा आहे. विनयात असाही प्रसंग आहे की, महाकस्सपांचे शिष्य होऊ इच्छिणाऱ्याच्या उपसंपदेत आनंदाला उपज्झायांचे नाव उच्चारावयाचे होते. आदरापोटी त्याची जीभ रेटेना, तेव्हा भगवंतांनी गोत्रनामाने घोषणा करण्याची मुभा दिली. म्हणजे गोत्रनाम तेथे आले ते वडीलधाऱ्याचे नाव तोंडाने घेऊ नये या संकोचाने. आपल्याकडे सुना सासऱ्याचे नाव घेत नसत तसे. त्यावरून कोणाचे पान वेगळे मांडले गेले नाही. हाच नियम आजच्या गोत्रनामांना लावून पाहावा. राहुल सांकृत्यायन १९३० साली श्रीलंकेत भिक्खू झाले. ‘राहुल’ हे नाव त्यांना तेव्हा मिळाले. ‘सांकृत्यायन’ मात्र त्यांच्या सांकृत्य गोत्रावरून आलेले, आणि ते तसेच राहिले. या महापंडिताने तिबेटातून ग्रंथ आणून बौद्ध विद्येवर जे उपकार केले ते कोणी विसरू नये. तरीही एक प्रश्न विचारतो. ब्राह्मण घरातल्या भिक्खूचे गोत्र नावात राहिले तर ते भारदस्त वाटते, आणि आपल्या घरातल्या भिक्खूचे आडनाव कळले तर कुजबूज होते. हा फरक कोणाच्या मनात आहे? तो आपल्याच मनात आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर महास्थवीर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील दिले. याच चंद्रमणींनी १९४९ साली कुशिनारा येथे एका इंग्रज तरुणाला श्रामणेर करून ‘संघरक्षित’ हे नाव दिले होते. बाबासाहेबांना त्यांनी नवे नाव दिले नाही, कारण उपासकाला त्याची गरज नसते. भीमराव रामजी आंबेडकर हे त्याच नावाने बौद्ध झाले. बाबासाहेबांनी आपणांस दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत नाव बदलण्याची प्रतिज्ञा नाही, समतेची आहे. आपण मुलांची नावे सिद्धार्थ, सुजाता, संघमित्रा ठेवतो ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्याच सुजाताच्या लग्नाची बोलणी करताना आपण पोटजात काढतो, आणि मातंग, भटके-विमुक्त किंवा इतर मागास घरांतून नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबाला “तुम्ही मूळचे कोण?” असे विचारतो, तेव्हा सयामोपालि निकायाने जे केले तेच आपण करीत असतो.

“मग सरकारी दाखल्यावर जात का लिहिता?” असे आपल्याला हिणविणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर द्यावयास शिका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ मध्ये शीख आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. धर्म बदलल्याने शतकांचे नुकसान भरून निघत नाही, हे त्या दुरुस्तीने मान्य केले. सरकार जात विचारते ते देणे फेडण्यासाठी, आणि त्या रकान्यात ती लिहिणे हा आपला हक्क आहे, लाज नव्हे. परंतु तहसील कचेरीतला रकाना विहाराच्या ओसरीवर कशाला? तेथे कोणते देणे फेडावयाचे आहे?

म्हणून विहार समित्यांना माझी विनंती आहे. भन्तेंच्या स्वागताची जी पत्रके आपण छापता, त्यांतून ‘पूर्वाश्रमीचे नाव’ ही ओळ काढून टाका. श्रामणेर शिबिराच्या नोंदवहीत विनयाला हवे तेवढेच लिहा: वय, आईबापांची संमती, प्रकृती. कायद्यासाठी पूर्ण नाव लागले तर ते कपाटात राहू द्या, फलकावर नको. भन्तेंविषयी कोणी विचारले तर तीन गोष्टी सांगा: त्यांचे नाव, त्यांच्या उपज्झायांचे नाव, आणि त्यांचे किती वर्षावास झाले. भिक्खूची ज्येष्ठता ओळखण्यास एवढे पुरेसे आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. त्याची पत्रके छापखान्यात जाण्यापूर्वी हा लेख समितीच्या बैठकीत वाचून दाखवावा, आणि ज्यांना तो रुचणार नाही त्यांनी आपली हरकत सर्वांसमक्ष, आपल्या नावानिशी मांडावी.